डोळ्यांदेखत घेतलेली गोळी

“मग माझ्या गोळीवर तुमचा संशय तरी काय आहे, बुवा?”

तरुण वैद्य उद्धव खानोलकरने कागदांची फाइल आबाबुवांसमोर सरकवली. टेकडीवरच्या मठात राहणारे आबाबुवा त्याचे गुरू. त्यांनी शब्द टाकला, तरच त्याची गोळी गावोगाव जाणार होती. वर्षभराची मेहनत त्या एका शब्दावर अडली होती.

बुवांनी फाइल उघडली नाही.

“कोणाला दिलीस?”

“कोलेस्टेरॉल थोडं वाढलंय अशा तीस जणांना. तीन महिने, रोज एक. सगळ्यांचं उतरलं. आणखी तीस जणांना मुद्दाम दिली नाही. ते खाली गावात आपापल्या घरीच होते. त्यांचं होतं तिथंच आहे.”

“त्या पहिल्या तिसांनी घेतली कशावरून? लोक गोळ्या फळीवर ठेवून विसरतात.”

उद्धव हसला. या प्रश्नाची तो वाटच पाहत होता.

“माझा कोणावरच भरवसा नाही, बुवा. एकालाही गोळी घरी नेऊ दिली नाही. रोज सकाळी सगळ्यांना इथं मठात बोलावलं. माझ्या डोळ्यांदेखत गिळायला लावली, वर तोंड उघडून पाहिलं.”

“हं... पाहत होतो मी ओट्यावरून.”

बुवांनी बाजूची काठी जवळ ओढली.

“तुझ्या तिसांतली ती सरूबाई. पहिल्या दिवशी वर येताना किती ठिकाणी बसली?”

“पाच-सहा ठिकाणी. तीनशे पायऱ्या, त्यात अंगानं जड बाई.”

“आणि परवा?”

“एकदाही नाही. गोळीचाच गुण तो.”

बुवांनी फाइल न उघडताच परत सरकवली.

शिष्याचं नाव होतंय हे म्हाताऱ्याला सोसत नाही की काय, असं उद्धवच्या मनात आलं. मनात ठेवणारा तो नव्हताच.

“माझं नाव होईल, म्हणून तर तुम्ही...?”

बुवा उठले. गोळ्यांचा डबा त्यांनी उद्धवच्या हातात दिला आणि काठी टेकत त्याला पायऱ्यांच्या तोंडाशी नेलं. खाली गावातली घरं काडेपेट्यांएवढी दिसत होती.

“उद्यापासून तू पायथ्याशी बस,” बुवा म्हणाले. “तुझ्या तीस जणांना तिथंच गोळी दे, एकालाही वर येऊ देऊ नकोस.”

“आणि ते दुसरे तीस?”

“त्यांना रोज वर पाठव... मी नुसतं पाणी देईन.”