भुऱ्या कुत्र्याची आणि आधी जेवणाऱ्या सुनेची कहाणी

ऐक मल्हारीराया, तुझ्या दारच्या कुत्र्याची कहाणी. बायांनो, मुठीत तांदूळ धरा, कुजबुज थांबवा, आणि मध्येच कुणी उठायचं नाही.

आटपाट नावाचं नगर, नगरात कोष्ट्यांची आळी. आळीत एक घर होतं. घरात गोदाक्का म्हणून सासू, तिचा मुलगा रायबा आणि सून धुरपदा. तिघांचं पोट मागावर. रायबा विणी, धुरपदा सुताच्या कांड्या भरी, तुटला धागा सांधी. सांधणारी तीच एक, गोदाक्काची रातची नजर कधीच गेलेली. दिवसा दिसे, दिवस मावळला की भिंत धरून चाले.

त्या घरची रीत कशी? आधी देवाचा नैवेद्य, मग पुरुषाचं ताट, मग आल्यागेल्याचं. उरलं तर बायकांचं. धुरपदा काय खाई? करपलेली भाकरी खाई, पातेल्याची खरवड खाई, कालचं आंबलेलं कालवण खाई. तेही उभ्यानं, हाताला सवड झाली तर. गोदाक्का कोपऱ्यात पाठ करून बसे, शिळा तुकडा पाण्यात कुस्करी. म्हणे, "म्हातारीला काय करायचंय ताजं?"

मग काय झालं? दिवस मावळला की धुरपदेलाही दिसेना. धागा तुटला, सापडेना. सापडला, सांधता येईना. रायबा म्हणाला, "असंच चाललं तर माग मोडून चुलीत घालावा लागेल." गोदाक्का म्हणाली, "या घरच्या सुनांच्या नशिबीच आहे ते. माझंही असंच झालं."

अशात दिवेलागणीला दारी एक म्हातारी जोगीण आली. कपाळी भंडारा, मागं एक भुरा कुत्रा. धुरपदा सुपात ज्वारी घेऊन आली, झोळीत घालायला गेली, ती सगळी ओट्यावर सांडली.

जोगीण म्हणाली, "झोळी इकडं आहे, बाई."

"दिवस मावळला की दिसत नाही हो मला."

"मग वसा सांगते, घेशील का? उतायचं नाही, मातायचं नाही, मध्येच सोडायचं नाही. हा मल्हारीचा कुत्रा घरी ठेव. रोज ताजं कर, वेळेवर कर, त्याला पोटभर जेवू घाल. तो जेवला, तुझी नजर आली. तो उपाशी राहिला, तुझी नजर गेली."

धुरपदा विचारते, "वाढायचं कसं?" तोवर जोगीण आळीच्या टोकाला. ती कुठली थांबतेय.

मग दुसऱ्या दिवशी धुरपदा भल्या सकाळी उठली. ओढ्यावर गेली, कुत्रा मागं मागं. शेवग्याचा कोवळा पाला आणला, भाजी केली. ताजी भाकरी केली, ताक घुसळलं. सगळं पानावर वाढून कुत्र्यापुढं ठेवलं. आपण चुलीपाशी उभी राहून खरवड चाटली. कुत्र्यानं पानाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, तोंड फिरवलं. धुरपदेला काही कळेना.

मग तिला वाटलं, पान नुसतंच भुईवर ठेवलं, म्हणून तो जेवला नाही. पाट मांडला, रांगोळी काढली, वर तूप घातलं. आपण शिळा तुकडा खाल्ला. कुत्र्यानं पानाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, तोंड फिरवलं. धुरपदेला काही कळेना.

मग तिला वाटलं, आपण खातो तेच चुकतं. म्हणून तिनं कडक उपास धरला. हसू नका गं, तुम्ही तरी दुसरं काय केलं असतं? बाईला काही सुचलं नाही की ती उपास धरते. आता दोघंही उपाशी. कुत्र्याच्या बरगड्या दिसायला लागल्या, तिला दिवसाही अंधूक दिसायला लागलं. "देवा, मी करू तरी काय?" म्हणून ती रडली.

रडत रडत तिनं पुन्हा पान वाढलं. ठेवायला वाकली ती डोळ्यांपुढं अंधारी आली, मटकन खाली बसली. हात पानात पडला. भाकरी मोडली, भाजीला लावली, तोंडात घातली. गिळली आणि मग भानावर आली. व्रताचं पान आपणच उष्टं केलं. आता डोळे गेलेच, असं म्हणून तिनं कपाळाला हात लावला. इतक्यात कुत्रा उठला, शेपटी हलवली आणि उरलेलं पान चाटूनपुसून खाल्लं. धुरपदा बघतच राहिली. रडावं की हसावं, तेही तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी तिनं बिचकत बिचकत एक घास आधी घेतला. कुत्रा जेवला. मग पोटभर घेतलं. कुत्राही पोटभर जेवला. गोदाक्का कोपऱ्यातून म्हणाली, "नवऱ्याआधी जेवतेस? लाज आहे का काही?" धुरपदा म्हणाली, "मी काय करू, आत्याबाई? तो नाहीतर जेवतच नाही." रायबा म्हणाला, "मग जेव ना बाई. माझं काय अडलंय?"

असं रोज चाललं. सकाळी ओढ्यावर जायचं, पाला आणायचा, ताजं करायचं, बसून जेवायचं. होता होता दिवेलागणीला धागा दिसू लागला, सांधता येऊ लागला. धुरपदेला वाटलं, व्रत पावलं.

आणि त्याच दिवशी कुत्र्यानं पुन्हा पान सोडलं.

तिनं घास घेतला, तो जेवेना. दुसरा घेतला, जेवेना. तिसरा घेतला, जेवेना. आता काय चुकलं? भाकरी करपली की मीठ चुकलं? कुत्रा उठला आणि कोपऱ्यात गोदाक्कापुढं जाऊन बसला.

"हाकल गं याला. माझ्या तोंडाकडं काय बघतोय?"

धुरपदेनं पाहिलं. सासूच्या हातात पाण्यात कुस्करलेला शिळा तुकडा होता. तिनं तो काढून घेतला, ताजं पान वाढलं. म्हणाली, "आत्याबाई, आधी तुम्ही घ्या. तो तुमच्यासाठी थांबलाय."

"माझ्यासाठी?" म्हातारीचा हात पानावरच थांबला. "उभ्या जन्मात माझ्या घासासाठी कुणी थांबलं नाही गं." मग ती रडली, मग जेवली, मग कुत्रा जेवला.

तेव्हापासून रोज दोघी आधी जेवत, मग कुत्रा जेवे. पुढं सुगी आली. एके दिवशी दिवस मावळला. दिवा लावायचा होता, काडी सापडत नव्हती. गोदाक्का म्हणाली, "धुरपदे, जरा इकडं ये. कुंकू तिरपं लागलंय तुझं."

धुरपदेनं बोटानं कुंकू सारखं केलं. मग बोट तिथंच राहिलं. आत्याबाईंना दिसलं कसं?

जेवू घातलं कुत्र्याला आणि नजर आली आपल्याला, हे कोडं काही धुरपदेला शेवटपर्यंत सुटलं नाही. तुम्हांला सुटलं असेल तर घरी गेल्यावर आधी आपलं पान वाढून घ्या. कोपऱ्यात कुणी बसलंय का, तेही बघा.

जसा मल्हारी धुरपदेला पावला, गोदाक्काला पावला, तसा तुम्हां-आम्हां पावो. साठा उत्तरांची ही कहाणी मी पाच उत्तरांत सांगितली. सुफळ होवो, इथं संपूर्ण झाली. वाहा आता तांदूळ.