पिकअपचे नवे गिअर

फार वर्षांमागे घाटाखाली एक पिकअप गाडी होती. मंडपाचे खांब भरलेली ट्रॉली ओढत ती रोज घाट चढायची. बारक्या मोटारी भुर्रकन पुढे जात, त्याची तिला लाज वाटे. तिने सावकाश चालणारे, दमदार गिअर काढून पळणारे गिअर बसवायचे ठरवले.

"बाई, माझा विचार कर," ट्रॉली म्हणाली.

"तू मागे असतेस. तुला काय कळतं?"

सपाटीवर ती सुसाट पळाली. घाटातल्या वळणावर थांबली, तर नव्या गिअरांना ट्रॉलीचे ओझे पुन्हा उचलेना. दोघी मागे घसरू लागल्या.

"तू तरी वाच," म्हणत ट्रॉलीने कडी सोडली आणि दरीत गेली.

पिकअपने जुने गिअर परत बसवले. आता ती रिकामीच असते. तरी त्या वळणावर पहिला गिअर टाकते आणि मागे कुणी असल्यासारखी हळूहळू चढते.