मुठीतला शिंपला

बुधवार, सकाळी सव्वासात. खाडीपासून कोसभर वर, डोंगराच्या सपाट सड्यावर दाट धुकं होतं. काल खाडीत वाळू उपसणाऱ्या ड्रेजरखाली बुडी मारायला गेलेला वासू कुबल तिथे कातळावर मरून पडला होता. अंगभर ओरखडे होते. कपारीतून काहीतरी जड सरपटल्याचा आवाज येत होता.

"पुरुषभर लांबीची घोरपड आहे इथं. तिनंच फाडला," फौजदार सरनोबत खेकसले. "बाई, पंचनाम्यावर अंगठा करा."

अंगठा उठला की नवऱ्याचं मरण कायमचं घोरपडीच्या माथी जाणार, हे सुभद्राला कळत होतं. तिने त्याची आवळलेली मूठ सोडवली. आत पंख्यासारखा शिंपला होता, अजून जिवंत. तो किंचित उघडला आणि त्याच्या कडेचे बारीक निळे डोळे, पन्नासएक तरी, सगळ्यांकडे बघू लागले.

फौजदार दचकून मागे सरले, मग उसनं हसले. "कुठं घोरपड आणि कुठं शिंपला!"

"मीही तेच विचारतेय, साहेब. घोरपड कातळावरची, हा खाडीच्या तळाचा. तिनं तळाशी जाऊन ह्यांना वर आणलं, की शिंपला डोंगर चढला?"

लिहिणाऱ्या हवालदाराचं पेन थांबलं.

कागदावर अंगठ्याची जागा आजही कोरी आहे. आदल्या दिवशी ड्रेजरवर कोण होतं, हे मात्र अजून कोणी सांगितलेलं नाही.