लिंबाजीच्या लॅपटॉपचा पॅच

एका गावात एक भोळा माणूस होता. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. बाकी गाव दुसरा शब्द वापरायचं. नाव लिंबाजी ढवळे. तरी ग्रामसभेने एकमताने त्यालाच दाखले काढून द्यायच्या कामावर बसवलं. अख्ख्या गावाचे सातबारे, आधार, मार्कशीट एका स्वस्तातल्या लॅपटॉपमध्ये, आणि तो लॅपटॉप लिंबाजीच्या मांडीवर. यावरून गावाचीही अक्कल कळावी.

एकदा तालुक्याहून शबानाताईंचा फोन आला. त्या लॅपटॉप दुरुस्त करायच्या.

"लिंबाजीभाऊ, तुमच्या लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये भोक सापडलंय. त्यातून चोर आतली गुपितं वाचतात. आजच पॅच लावा."

लिंबाजीने लॅपटॉप उलटा केला. खाली पंख्याची जाळी. एक सोडून वीस भोकं! सायकलच्या दुकानातून त्याने पंक्चरचे पॅच आणले आणि वीसही बुजवली. लॅपटॉप तापला, फणफणला, बंद पडला.

शबानाताईंनी पॅच खरवडून काढले.

"अहो, हा पॅच नेटवरून येतो! आणि एवढं तापलं की लगेच बंद करायचं."

"बरं."

घरी बायकोने, पारूने, कुकर लावला होता. लिंबाजीने हात लावून पाहिला. तापला होता. त्याने गॅस बंद केला. पारूने पुन्हा पेटवला, याने पुन्हा बंद केला. जेवायला कच्चे तांदूळ.

"अहो, शिट्टी होईपर्यंत हात लावायचा नाही!" पारू ओरडली.

"बरं."

मग खरा पॅच आला. पडद्यावर प्रश्न उमटला, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करू का? लिंबाजी शिट्टीची वाट बघत बसला. दोन दिवस बसला. दाराशी रांग लागली. रखमाबाईंच्या नातीला नर्सिंगच्या प्रवेशासाठी दाखला हवा होता. मुदत संपली, पोरीचं वर्ष गेलं. ती रडत होती आणि हा तिला समजावत होता, "अगं, अजून एकही शिट्टी झाली नाही."

शबानाताई फोनवर कडाडल्या, "शिट्टी कसली? विचारलं की 'हो' म्हणायचं!"

"बरं."

तो हो म्हणाला. पॅच बसला. पण लॅपटॉप असा मंद झाला की एक दाखला उघडेपर्यंत चहा करून, पिऊन, कप धुऊन व्हायचा. लिंबाजीने तक्रार केली.

शबानाताईंनी शक्य तितकं सोपं करून सांगितलं. "आधी प्रोसेसर तुम्ही सांगायच्या आतच अंदाजाने कामं उरकायचा. त्या घाईत गुपितं सांडायची. आता पॅच त्याला घाई करू देत नाही. भारी लॅपटॉपला फारसं जाणवत नाही, तुमच्याला जाणवणार. पण सावकाश चाललं तरी सुरक्षित आहे."

"सावकाश म्हणजे सुरक्षित," लिंबाजी म्हणाला. "बरं."

दुसऱ्या दिवशी अनोळखी फोन आला.

"साहेब, तुमच्या लॅपटॉपचा पासवर्ड सांगता का?"

विचारलं होतं. लिंबाजी म्हणाला, "हो."

संध्याकाळपर्यंत लॅपटॉप रिकामा. गावाचा एक कागद उरला नाही. गाव दाराशी जमलं. शबानाताई धावत आल्या.

"पासवर्ड चोराला सांगितलात? अहो, सांगितलात तरी कसा?"

"एकदम सुरक्षित," लिंबाजी छाती फुगवून म्हणाला. "आठ अक्षरं सांगायला अडीच तास लावले. तो सारखा घाई करत होता. मी नाही केली."