पोथीची पहिली वाचक

पोथ्यांची कीड वेखंडाच्या वासाने पळायची, त्या काळातली ही गोष्ट. विद्यापीठाच्या ग्रंथालयात, लाल बासनात एक पोथी तळमळत पडली होती. वर्षानुवर्षं तिला कुणी उघडलंच नव्हतं.

एक दिवस कसर आली. "मी तुझं पानन् पान चाळीन. फक्त त्या वेखंडाला हाकल."

"ऐकू नकोस, बाई," बासनातलं वेखंड म्हणालं. "ती वाचत नाही, खाते."

"तू तरी कधी वाचलंस मला?" पोथी फणकारली आणि तिनं वेखंडाला बाहेर ढकललं.

कसर मन लावून कामाला लागली. पोथी सुखावली.

पुढे एक विद्यार्थिनी आली. बासन सोडून भान हरपून वाचू लागली आणि मध्येच अडखळली. पानाची चाळण झाली होती.

"इथं काय होतं गं?" तिनं पोथीलाच विचारलं.

पोथीला आठवेना.