मागच्या चाकाचा नट

"मागच्या चाकाचा नट तुमच्याकडून सैल राहिला होता. एवढं एकदा माझ्यासमोर कबूल करा, मिस्त्री. मग मी जातो."

दिलावर मिस्त्रींनी मान वर केली नाही. पडवीत बसून ते माडाच्या हिरांचा खराटा बांधत होते.

"बस," ते म्हणाले.

जयवंत मयेकर बसला नाही. पुण्यात त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, हाताखाली बारा माणसं होती, आणि इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगणारा म्हणून त्याचा बोलबाला होता. असा माणूस कुणाच्या पडवीत सहजासहजी मांडी घालत नाही. पण त्याला पाना धरायला शिकवलं होतं ते याच म्हाताऱ्यानं.

बावीस वर्षांपूर्वी जयवंतच्या काकानं मस्कतहून गलबतातून एक गाडी पाठवली होती. तीन चाकं, पुढं एक नि मागं दोन, तिन्ही फुग्यासारखी टम्म, आणि वाळू म्हणू नका, चिखल म्हणू नका, कुठूनही जायची. गावानं तिचं नाव ठेवलं बेडकी. खोकं फोडून तिचे भाग जोडले दिलावर मिस्त्रींनी, आणि चालवायचा मान मिळाला त्यांच्या चेल्याला. जयवंत तेव्हा अठराचा होता.

जोडतानाच मिस्त्रींनी बजावलं होतं, "सीट लांब हाय म्हणून दोघांची समजू नकोस. चढावर पुढं सरकायचं, उतारावर मागं. ती जागा सरकायला ठेवलेली हाय. बसायचं एकट्यानंच, चढावर मागं वजन पडलं तर पुढचं चाक उचलतं."

पुढे एका रविवारी सकाळी किनाऱ्याच्या पुळणीवरून सुरूच्या बनाकडे चढताना बेडकीचं पुढचं चाक उचललं गेलं आणि ती मागच्या मागे उलटली. जयवंत बाजूला फेकला गेला. मागे बसलेला मुनाफ गाडीखाली सापडून जागीच गेला. तो मिस्त्रींचा एकुलता एक मुलगा, चौदा वर्षांचा.

दोघं बसले होते याचं कुणाला काही वाटलं नाही. मोटरसायकलवर बसतातच की.

पोलीस पाटलानं विचारलं, कसं झालं. जयवंत म्हणाला, मागचं डावं चाक सैल वाटत होतं. सगळ्या माना मिस्त्रींकडे वळल्या. मिस्त्रींनी जयवंतकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं...

"असेल," ते म्हणाले. "नट माझ्याकडूनच राहिला असेल."

त्या दिवसापासून त्यांनी पाना हातात घेतला नाही. बापानंच पोराला मारलं असं गाव म्हणत राहिलं, आणि गावाच्या तोंडाला हात कोण लावणार? मुनाफची आई सकिनाबी त्याच घरात राहिली, पण नवऱ्याशी त्यानंतर एक शब्द बोलली नाही. ताट आणून ठेवायची आणि पाठ फिरवायची. म्हातारा तोंडात मिठाची गुळणी धरून बसला तो बसलाच.

जयवंत पुण्याला गेला. चाक सैल होतं, हे त्यानं स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की ते त्यालाच खरं वाटू लागलं. पण पुरतं नाही वाटलं. मिस्त्रींच्या 'असेल'चं 'होता' करून घ्यायला तर तो आज आला होता.

"बेडकी पुन्हा चालू केलीय मी," तो म्हणाला. "चार महिने दर रविवारी गावी येऊन घासतोय. बावीस वर्षं घरामागच्या मांगरात, लाकूडफाट्याच्या खोपीत पडली होती, कोंबड्या बसत होत्या तिच्यावर. आता एका किकला उठते."

मिस्त्रींचे हात थांबले.

"काय काय उघडलंस?"

आता मात्र जयवंत खुलला. कसबी माणसाला त्याच्या कामाबद्दल विचारलं की तो कशासाठी आलाय ते विसरतो. पिस्टन जाम होता, त्यात डिझेल ओतून आठ दिवस ठेवला. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा डिंक झाला होता, तो सोडवला. सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं, ते फोडलं. ब्रेक, चेन, पुढचं चाक, टाकी, वायरिंग. सीटसुद्धा नवी शिवून घेतली होती.

तो एकेक सांगत होता आणि मिस्त्री एकेक हीर जमिनीवर ठेवत होते. तो थांबला तेव्हा त्यांच्या हातात एक हीर उरला होता.

"आणि हा?"

जयवंतनं हिराकडे पाहिलं.

"मागच्या चाकाचा नट?"

"तो... गंजलाय. निघत नाही."

"पिस्टन निघाला की रे."

 ज्या नटासाठी चार महिने गाडी घासली, तेवढाच उघडायचा राहिला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच नाही.

"जा," मिस्त्री म्हणाले. "उघड. मग ये."

तो घरी गेला. मांगरात बेडकी झळाळत उभी होती, लालभडक, जणू कालच खोक्यातून काढलेली. फक्त मागच्या डाव्या चाकाच्या मधोमध गंजाचा एक काळा गोळा होता.

त्यानं तारेच्या ब्रशनं गंज घासला. आतून नट दिसला, आणि नट फिरू नये म्हणून त्यातून आरपार घातलेली पिन दिसली. पिनेची दोन टोकं दुमडलेली होती, एक वर आणि दुसरं डावीकडे, पार मागे वळवून चपटं केलेलं. अशी दुमड जिल्ह्यात दुसरा कुणी घालत नसे. जयवंतनं ती शिकायला दोन महिने घालवले होते, आणि तरी मिस्त्रींनी प्रत्येक वेळी त्याची पिन काढून फेकली होती.

पिन जागच्या जागी होती.

ती त्यानं काढली. पान्याला पाइप लावला आणि सगळं अंग टाकलं. नट हलेना. तिसऱ्या वेळी तो करकरला, आणि मग जीव खात खात एकेक आटा सुटत गेला. बावीस वर्षांपूर्वी आवळला होता तसाच तो घट्ट होता.

जयवंत मांगरात खाली बसला. त्याला रडू आलं नाही. 

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं नट पुन्हा आवळला, नवी पिन घातली, जुनी खिशात टाकली आणि बेडकीवर बसून तो मिस्त्रींच्या अंगणात गेला.

घरात विळीवर नारळ खोवण्याचा आवाज येत होता. बेडकी फाटकातून आत शिरली आणि तो आवाज थांबला.

जयवंतनं इंजिन चालूच ठेवलं. बंद केलं की बोलावं लागणार होतं. त्यानं पडवीशी जाऊन हात पुढे केला.

मिस्त्रींनी पिन घेतली. उन्हात धरली. अंगठ्यानं तिचं वळलेलं टोक चाचपलं.

"माझीच हाय."

"नट घट्ट होता," जयवंत म्हणाला. "तुम्हाला माहीत होतं. मग तेव्हा का नाही बोललात?"

 मिस्त्री खांबाला धरून उठले, पायऱ्या उतरले, लुंगी वर घेतली आणि एक पाय टाकून बेडकीवर बसले. मागच्या बाजूला. हात गुडघ्यांवर ठेवून, मागे बसणारी पोरं बसतात तसे.

"चल," ते म्हणाले. "बनाकडं घे."

जयवंतला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तरी तो पुढे बसला. हँडल धरलं, गिअर टाकायला पाय खाली नेला. पाठीला मिस्त्रींच्या छातीची हाडं लागली. सरकायला तसूभर जागा नव्हती, सगळं वजन मागे पडलं होतं.

पाय तिथंच राहिला...

"चल ना."

"चाचा, उतरा."

बावीस वर्षांत पहिल्यांदा तो त्यांना चाचा म्हणाला होता.

"का?"

इंजिन धडधडत होतं. जयवंतनं ते बंद केलं. मग अंगणात कसलाच आवाज उरला नाही, घरातूनही नाही.

"ही सीट एकाची आहे."

"कोण म्हणतं?"

"तुम्हीच सांगितलं होतं... जोडली त्या दिवशी. मुनाफलाही माहीत होतं. तो नको म्हणत होता, अब्बा रागावतील म्हणत होता. मी त्याला हाताला धरून बसवला. म्हटलं, अब्बांना कोण सांगतंय."

 मिस्त्री हळूहळू उतरले. एक पाय, मग दुसरा. जयवंत हँडलवर डोकं टेकून बसला होता. त्यांनी त्याची मूठ सोडवली, तळहातावर पिन ठेवली आणि बोटं मिटवून दिली.

पडवीत जाऊन त्यांनी अर्धा राहिलेला खराटा पुन्हा मांडीवर घेतला.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "मुनाफची आई आत हाय. हे तिला सांग."