हात न लावता
परदेशात शिकताना ऋजुताला एकच ध्यास होता: तालुक्याच्या आपल्या कॉलेजातल्या मुलांनी गणिती सॉफ्टवेअर स्वतःच्या हातांनी चालवावं. तिला स्वतःला ते फळ्यावरून वहीत उतरवून शिकावं लागलं होतं. परतताच तिने प्रशिक्षणाचा दिवस ठरवला. पण प्राचार्य देवकुळे लॅबची किल्ली देईनात.

"अगं, मुलं मशीन बिघडवतात. तू पडद्यावर करून दाखव, ती बघतील. आणि हो, दीपप्रज्वलन आमच्याच हस्ते!"

"चालेल सर. समई पेटल्याचा व्हिडिओ पडद्यावर लावते. तुम्ही पहिल्या रांगेत बसून बघा."

"नुसतं बघू? मग मी उद्घाटन केलं असं कसं म्हणायचं?"

"मुलंही शिकली असं कसं म्हणायचं, सर?"

प्राचार्यांनी खिशातून किल्ली काढून दिली.

त्या दिवशी चाळीस मुलांच्या बोटांखाली कीबोर्ड खडखडले. ऋजुता दाराशीच थांबली. हा आवाज ऐकायला तिने सात वर्षं वाट पाहिली होती.